बोट ठेवून, मोठ्यानं

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनच्या फलाटावर उभी होते. गार्डानं सिग्नलकडे बोट केलं, मोठ्यानं काहीतरी म्हटलं आणि गाडी सोडली. मी तिथेच बाकावर बसले... असं बोट करून मोठ्यानं म्हणायची ही जपानी सवय ताईंनी अशी काही उचलली होती, की मला ती त्यांचीच वाटायची.

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतर वर्षभरानं मी नवऱ्यामागोमाग टोकियोत आले आणि ताईंच्या हाताखाली नोकरीला लागले. आमची छोटी कंपनी जमिनीचे हादरे नोंदवणारं यंत्र बनवायची. लहान धक्के ते मुकाट्यानं नोंदवायचं. मोठा धक्का आला की ऐन वेळी शेपूट घालायचं! उत्तरेकडच्या गावांत यंत्रं बसवलेली, धक्के चालूच, आणि ऑफिसात सगळे सेन्सरला नावं ठेवत होते.

"सेन्सर बिचारा गरीब आहे," ताई म्हणाल्या. "आपण कर्नल बघू." म्हणजे यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्राम. स्क्रीनवर बोट ठेवून त्या एकेक ओळ मोठ्यानं वाचायच्या आणि मी ती पुन्हा म्हणायची. पाढे म्हणतोय असं वाटून मला हसू यायचं.

"नोंदी ठेवायचे कप्पे किती?"

"शंभर."

"मोजणी शून्यापासून. मग शेवटचा?"

"नव्व्याण्णव."

"आणि ही ओळ कुठवर लिहिते?"

मी ओळ पुन्हा वाचली. शंभरपर्यंत! लहान धक्क्यात कप्पे भरतच नसत. मोठ्यात मात्र एक नोंद हद्दीबाहेर, शेजारच्या जागेत पडायची, तिथलं लिहिलेलं पुसायची आणि सगळंच कोलमडायचं. दुरुस्ती एका चिन्हाची. ती ताईंनी मला करायला लावली. मग हलत्या टेबलावर यंत्र जोरात हलवलं, तरी ते लिहीत राहिलं. ताई "योशी!" म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि डोळे पुसायला लागल्या.

फार आठवण येते त्यांची. आजही मी स्क्रीनवर बोट ठेवते, ओळ वाचते आणि थांबते... पलीकडून कुणी ती पुन्हा म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले होते. लेक मिहिका इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी. आम्ही जेवायला बाहेर निघालो. बूट घालून झाल्यावर ती वळली, शेगडीकडे बोट केलं आणि म्हणाली, "गॅस बंद."

चक्क मराठीत. आणि तशीच उभी राहिली, बोट रोखून. ताई दारातून ते पुन्हा म्हणायच्या.

"गॅस बंद," मी म्हटलं.

मग तिनं हात खाली घेतला.