न आलेल्या रेल्वेच्या वाटेवर सायकलने

मलकापूरला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्याजवळ कचेरीची सायकल, लांब मोजपट्टी आणि माझ्याच हातचा एक नकाशा होता. तिन्हींपैकी मोजपट्टी तेवढी धड निघाली.

पुण्याच्या एका कचेरीत मी नकाशे काढतो. बुलढाणा जिल्ह्यात डोणगावच्या अलीकडे आत फुटणारा एक डांबरी रस्ता मी कागदावर एका दमात ओढला होता, फूटपट्टी लावून. साहेबांनी त्या रेघेचं चारचौघांत कौतुक केलं होतं. पुढे तक्रार आली की रस्त्यावर सहा मैलांत चौदा वळणं आहेत. साहेबांनी माझी रेघ पाहिली आणि जमीनच चुकली आहे असा निर्णय दिला. रस्ता सरळ करायचं ठरलं. कुठं किती कापावं लागेल ते पाहायला मला धाडण्यात आलं. मला मनापासून आनंद झाला, कारण आता माझी रेघ खरी ठरणार होती.

बुलढाण्याला रेल्वे नाही. सायकल एस.टी.च्या टपावर चढवली आणि घाट चढून गेलो. वर हवा छान गार होती आणि कोर्टासमोरच्या हॉटेलात कचोरी गरम होती. पक्षकार इतक्या निवांतपणे चहा पीत होते की खटले त्यांचे नसून वकिलांचेच असावेत असं वाटलं. तिथून दुसऱ्या गाडीनं मेहकर गाठलं, मुक्काम केला आणि सकाळी सायकलवर टांग टाकली.

माझा रस्ता नवाकोरा होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, पलीकडे ज्वारी कणसांवर आलेली. पहिला अर्धा मैल सायकल अशी सुरेख पळाली की मी मोठ्यानं गाणं म्हणू लागलो. अंतऱ्याला रस्ता डावीकडे वळला. मी वळलो नाही. गाणं संपलं तेव्हा मी तुरीच्या शेतात पालथा पडलो होतो.

"लागलं का जी, साहेब?" धुऱ्यावर (बांधावर) बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. "इथं सारेच पडते. नवा माणूस पडला नाही, असं झालंच नाही."

"पण इथं वळण का आहे?"

"माह्या बापानं केलं," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता.

त्याचं नाव शंकरराव. मी वळणं मोजायला आलो आहे म्हटल्यावर तो न विचारता सायकलच्या कॅरिअरवर बसला आणि मला "चाला" म्हणाला. पुढचे पाच मैल त्याचं वजन मी ओढलं आणि इतिहास त्यानं सांगितला.

इंग्रजांच्या वेळी इथून रेल्वे जाणार होती. आखणी झाली, सरळ रेषेत दगड रोवले गेले, साहेब लोक निघून गेले. त्यानंतर कामाला लागले कास्तकार (शेतकरी). रेल्वे सगळ्यांनाच हवी होती, फक्त शेजाऱ्याच्या वावरातून (शेतातून). शंकररावाच्या वडिलांनी आपला दगड उचलून शेजाऱ्याच्या हद्दीत नेला. शेजाऱ्यानं तो पुढे ढकलला. पाटलांनी तर आपल्या संत्र्यांच्या बागेतले तीन दगड बैलगाडीत घालून ई-क्लासात (सरकारी गायरानात) नेले आणि तिथं गड्यांकडून नीट रोवून घेतले. रेल्वे आलीच नाही. महाराष्ट्र झाल्यावर आयती आखणी आहे म्हणून त्याच दगडांवरून डांबर ओतलं गेलं. दगड जागेवर आहेत का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर ते पाहिलेही नव्हते.

"हे कोणाचं?" मी दर वळणावर विचारी.

"हे पाटलाचं. पुढचं त्याच्या साडूचं."

तेराव्या वळणानंतर मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. आम्ही सायकल हातात धरून चौदाव्यापर्यंत चालत गेलो. हे वळण सगळ्यांत मोठं होतं. एवढासा मळा मध्ये ठेवून रस्ता त्याला अर्धा वळसा घालून जात होता. मळ्यात वांगी लागली होती आणि कडेला एक बांधीव विहीर होती.

"हे कोणाचं?"

शंकररावानं विहिरीकडे हात केला. "हे आमचं साऱ्याचं," तो म्हणाला. "वेणूबाईच्या मालकानं तीन उन्हाळे खोदून हे विहीर पाडली. पाणी लागलं आन् महिन्याभरात तो तापानं गेला. दगड बराबर विहिरीच्या तोंडाशी होता. मंग सारं गाव आलं आन् दगड मळ्याबाहेर नेला. पाटील बी आला. त्या दिवशी कोणाचं भांडण झालं नाही."

मळ्यातून वेणूबाई आल्या. साठीच्या असतील. पंक्चर झालेलं चाक पाहून त्यांनी विहिरीचं पाणी शेंदलं आणि घमेलं भरून माझ्यापुढे ठेवलं. मी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे दिसले, भोक सापडलं. एवढ्यात त्यांचं लक्ष मोजपट्टीकडे गेलं.

"विहीर बुजवाले आले का, भाऊ?"

मी मोजपट्टी सायकलच्या मागे सरकवली.

"जेवा पहिले. मंग मोजा."

भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि ठेचा. मी दोनदा भरीत मागून घेतलं आणि दोन्ही वेळा मला माझी लाज वाटली. जेवून मोजणी केली. माझी ती कौतुकाची रेघ विहिरीच्या बरोबर मधून जात होती, वीतभरही इकडेतिकडे नाही.

निघताना शंकररावानं हँडल धरलं. "साहेब, रस्ता माह्या तुरीतून न्या. बापानं केलं थे मी भरतो." मग हँडल न सोडता म्हणाला, "म्हणजे पहिले पाटलाच्या बागेतून न्या, मंग माह्या. पण हे वळण राहू द्या."

परतीच्या प्रवासात कचोरी पुन्हा खाल्ली, पण आधीसारखी लागली नाही. माझी रेघ मला अतिशय प्रिय होती. आयुष्यात साहेबांनी माझी एवढी एकच गोष्ट वाखाणली होती.

पुण्यात साहेबांनी अहवाल वाचला. "तेरा वळणं कापायची. चौदावं का नाही?"

"तिथं टेकडी आहे, साहेब."

"नकाशात तर नाही!"

"राहून गेली. चूक माझी."

साहेबांनी माझ्या नावापुढे निष्काळजीपणाचा शेरा मारला. तो आजही आहे. मग त्यांनी माझ्यासमोर नकाशा पसरला आणि मी त्यांच्या देखत ती टेकडी काढली, रस्ता तिला वळसा घालून नेला. या वेळी फूटपट्टी घेतली नाही.

अधूनमधून त्या गावची मंडळी पुण्याला कुणाबरोबर तरी मला वांगी पाठवतात. आमच्या टेकडीवर ती फार छान येतात.