होल्डच्या रॅकवरची दोन विद्यापीठं

धाकट्या बहिणीनं एम.एस्सी. कुठल्या विद्यापीठातून करावं, हे ठरवायचं काम आमच्या घरात माझ्याकडं होतं. ते मी नेमकं कसं ठरवलं, हे मला आजही सांगता येत नाही.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी तेव्हा तपासनीस होतो. बाहेरून आलेल्या मालातले पाच नग उचलायचे, मोजायचे आणि माल पास की नापास ते ठरवायचं. देवगाव रंगारीहून आलेल्या आमच्या आईला या नोकरीचा एवढा अभिमान, की ती वांगीसुद्धा मला दाखवल्याशिवाय चिरत नसे. (वांगी मी नेहमी पास करायचो. किडकी निघाली की दोष वांग्यांचा.)

सुनिता रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाली आणि घरात दोन अर्ज आले. एक आमच्याच शहरातल्या विद्यापीठाचा, दुसरा एसटीनं सहा तासांवरच्या विद्यापीठाचा. दोन्हींची शेवटची तारीख एकच, शनिवार. ती चुकली की सुनिताचं वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की कन्नडचे मामा स्थळ घेऊन दारात. त्यांनी धोतरसुद्धा धुऊन ठेवलं होतं म्हणे.

"दादा, मला काय वाटतं सांगू का?" सुनितानं विचारलं.

"वाटण्यावर माल घेत नसतात," मी म्हणालो. "त्याची एक पद्धत असते."

"व्हय गं," आई म्हणाली. "तो कंपनीत ह्येच करतो दिवसभर. त्याला करू दे."

मी दोन तपासणी कार्डं घेतली आणि तीन रकाने आखले: शिक्षण, तिथलं राहणं-खाणं, वर्षाचं वेळापत्रक. मग पाच नग उचलले. म्हणजे विद्यापीठाच्या दारात पाच विद्यार्थी अडवले. तिघं म्हणाले, शिकवणं चांगलं आहे. एक म्हणाला, सर लई भारी आहेत, फक्त ते कोणते ते आठवत नाही. पाचव्यानं विचारलं, "तुम्ही कोण?" रजा काढून दुसऱ्या विद्यापीठात गेलो. तिथंही तीन, एक आणि एक! पाचव्यानं तर विचारताना भुवईसुद्धा तशीच उडवली.

राहण्या-खाण्याच्या रकान्यासाठी दोन्हीकडच्या खाणावळींतलं वरण बाटल्यांत भरून आणलं. नमुना म्हणून. ताडून बघायला इथली बाटलीही सोबत नेली होती; एसटीत दोन्ही कलंडल्या आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या भिजून सुटल्या. घरी आल्यावर दोन्ही बाटल्या सुनितापुढं ठेवल्या.

"तू रसायनशास्त्राची ना? ओळख, कुठलं कुठलं."

तिनं बूच काढून वास घेतला. "दादा, दोन्ही आंबलंय."

दोन्ही कार्डांवर मी 'सारखेच' असं लिहिलं.

उरलं वेळापत्रक. ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. शहर बंद झालं की परीक्षा पुढं जायच्या. दुसऱ्या विद्यापीठात वर्षच दोन महिने उशिरा सुरू व्हायचं. बोटांवर हिशेब केला, तर दोन्हीकडून पोरगी एकाच सुमारास बाहेर पडत होती. डोकं पिकलं. त्यात मला नवीच शंका आली, ती घेऊन मी गौतमरावांकडं गेलो. गौतमराव आमच्याकडं फिटर. नामांतरासाठी मोर्च्यात चाललेले, एकदा तुरुंगातही जाऊन आलेले.

"गौतमराव, आज पोरगी एका नावाच्या विद्यापीठात घातली आणि बाहेर पडताना नाव दुसरंच झालं, तर मी कार्डावर काय लिहू?"

ते चिंधीनं हात पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या नावापायी माणसं घरादाराला मुकली, साहेब. तुम्हाला नुसतं कार्डावर खोडायचंय. रबर देऊ का?"

मी रबर घेतलं.

कारखान्यात माल पासही करता येईना आणि नापासही, तर त्याला पिवळी चिठ्ठी लावून जाळीच्या कुलूपबंद रॅकवर ठेवतात. त्याला म्हणायचं 'होल्ड'. गुरुवारी सकाळी मी सुनिताकडं अर्जांचं पाकीट मागितलं. तिनं ते पुढं केलं आणि म्हणाली, "उघडून बघ एकदा."

"बघतो," मी म्हणालो आणि कंपनीत जाऊन त्याला पिवळी चिठ्ठी लावली. खाली नेहमीसारखं लिहिलं: 'आतील माल तपासला.' सही. पाकीट रॅकवर. दोन दिवस शांत डोक्यानं विचार करू!

शनिवारी साडेदहाला आठवलं, की विद्यापीठाची खिडकी एकला बंद होते. मी स्टोअरकडं धावलो. स्टोअर सांभाळणारे सलीमभाई चष्मा पुसत बसले होते.

"सलीमभाई, ते पाकीट द्या लवकर."

"होल्डका माल हाय साब. सात दिन हिलता नै."

"हा नियम कोणी केला?"

त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. खाली माझीच सही होती.

"आधी काढायचा तर तपासनीसाला अर्ज करो," सलीमभाई म्हणाले.

तपासनीस मीच. मी मला अर्ज लिहिला. सलीमभाईंनी वाचला आणि म्हणाले, "कारण कुठं हाय? ऐसा अर्ज आप मंजूर करते क्या?" करत नव्हतो. तो अर्ज मी नामंजूर केला, दुसरा लिहिला, तो मंजूर केला आणि पाकीट घेऊन सायकलवर टांग मारली.

फाटकात गौतमराव भेटले. पहिली पाळी संपायच्या आत सुट्टी टाकून तेही सायकल काढत होते. विद्यापीठाच्या दारात आठवडाभर धरणं चाललं होतं.

"कुठं निघाला, साहेब?"

"विद्यापीठात."

"कुठल्या?"

"जे जवळ असेल त्या!"

एवढ्या तपासणीचा निकाल तो हा.

एकला पाच मिनिटं असताना मी खिडकीवर पाकीट ठेवलं. कारकुनानं ते उघडलं. आत सुनिताच्या प्रॅक्टिकलच्या वहीची कोरी पानं. एकावर चार ओळी होत्या, त्या कारकुनानं रांगेला ऐकू जातील अशा वाचल्या: "दादा, मी मंगळवारीच इथल्या विद्यापीठात अर्ज भरला. दुसरा मैत्रिणीला दिला. पाकीट तू उघडशील आणि रागावशील, म्हणून हे लिहितेय. नाही उघडलंस, तर रागवायचं नाही."

मी मागं वळलो. गौतमराव धरण्यातून माझ्याकडं बघत होते.

"पोरगी मंगळवारी रांगेत दिसली होती मला," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, तुम्ही तुमच्याच प्रवेशाला चाललाय. गरज तर होती."

घरी सुनिताला विचारलं, हेच विद्यापीठ का? ती म्हणाली, "तिथल्या बाईंना जाऊन भेटले. त्यांनी विचारलं, तुला काय शिकायचंय? तुझ्या तीन रकान्यांत एवढंच नव्हतं."

सुनिता एम.एस्सी. झाली, परीक्षा पुढं जात जात का होईना. त्याच वर्षी माझ्यासाठी मुली बघणं सुरू झालं. पारख करायला आईनं सुनिताला पाठवलं आणि मला घरीच ठेवलं. होल्डवर.