पाणी कुठवर चढलं होतं

पुराला वर्ष होत आलं तेव्हा नागपूरच्या सरकारला नळगंगेचा नकाशा काढायचं सुचलं. उगमापासून खालपर्यंत, पाणी कुठवर चढलं ते गावोगाव लिहून घ्यायचं. मोजणीदार दुर्बीण घेऊन रोहिणखेडकडून आमच्या गावात आला. गावानं भिंती केव्हाच सारवून टाकलेल्या, पुराची खूण कुठंच नाही. म्हणून तो घरोघर विचारत फिरला. कमरेच्या वर पाणी आलेल्यांनी नदीकाठ सोडून वर बरडावर, खडकाळ माळावर जायचं, असा हुकूम होता.

आमचं गाव मोठं इरसाल. मोजणी म्हटलं की त्याला आधी शेतसारा आठवतो. सारा माफ होईल म्हणून जो तो पाणी चढवत सुटला. एकानं तर थेट आढ्यापर्यंत दाखवलं, अन् त्याच्या माळ्यावरचा कडबा पुरात कोरडा ठणठणीत होता. मोजणीदार बिचारा कपाळाला हात लावून बसला.

उलटा होता फक्त आमचा बा. आम्ही रंगारी. रंगवलेलं कापड वाहत्या पाण्यात धुवावं लागतं, ते बरडावर कुठून आणायचं? बा चारचौघांत बोलून बसला होता, "मसणात जाईन, बरडावर नाही जाणार." एकदा बोलला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. मला त्याचा भारी राग यायचा. आभाळ भरून आलं की माझी नजर नदीकडं जायची.

मोजणीदारानं विचारलं, तर बा बेधडक म्हणाला, "गुडघाभर होतं." पुराच्या दिवशी हा गडी माझ्यासोबत चिखलीच्या बाजारात होता. नदी उतरल्यावर आम्ही घरी पोचलो.

माय परक्या माणसापुढं सहसा बोलत नसे. ती चुलीपासून उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली अन् हनुवटीला बोट लावलं.

"पाणी इथं होतं." मग तिनं दोन्ही हात डोक्यावर उचलले. "अन् पोरगं इथं."

पोरगं म्हणजे माझा धाकटा भाऊ. तेव्हा तो रांगत होता.

बा तिच्याकडं वळला. "हे तू मले काऊन नाही सांगितलं?"

"तुमी आल्या आल्या इचारलं, कापडाचे थान वाचले का. मी हाव म्हटलं. बाकी तुमी काही इचारलंच नाही."

त्याच उन्हाळ्यात आम्ही बरडावर गेलो. बा रोज कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन नदीवर उतरायचा, कुरकुर करायचा. पण परतला की गाठोडं खाली टेकवायच्या आधी पोराला हाक मारायचा.