किल्ल्याच्या तळघरात

आम्ही नांदगावकडचे. मी लहान असताना बाप ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही. आईनं दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढून मला शिकवलं आणि मरेपर्यंत कुंकू लावलं. त्यामुळं बापाचं श्राद्ध कधी झालंच नाही. पुढं मी घरातला पहिला पदवीधर झालो, नाशकात नोकरी केली आणि एका वर्षी ग्रुप टूरबरोबर फ्रान्सला गेलो.

टूरमध्ये रामकुंडावर विधी सांगणारे एक वृद्ध गृहस्थ होते. कायम माकडटोपीत, अबोल. नाश्त्याच्या ब्रेडचा पहिला तुकडा ते खिडकीबाहेर ठेवायचे. बायका चिडवायच्या, "काका, इथल्या कावळ्यांना मराठी येतं का?"

एका जुन्या गावातल्या किल्ल्यात गाईडनं तळघरातल्या कैद्यांच्या कोठड्या दाखवल्या. सगळे वर गेले. काका एकटेच भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी हाक मारली. मान न वळवता ते म्हणाले, "तुमच्या मागं मागं एवढ्या लांब आलेत हो. तहानलेत. वडलांचं नाव काय?"

बापाबद्दल मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही. मी नाव सांगितलं. काकांनी त्यांची बाटली पुढं केली.

तिथल्या थंड दगडावर मी माझ्या बापाला पाणी दिलं.