दातांसाठी आणलेला उजेड

आता हा प्रकार तुम्हाला कुठून सांगायला घेऊ? शेवटापासून सांगितला तर मी लगेच मूर्ख ठरते, सुरुवातीपासून सांगितला तर जरा उशिरा. तेव्हा सुरुवातीपासूनच.

आमच्या अन्वीच्या दातांना तारा आहेत. सातवीतली पोरगी, मामाचं लग्न तोंडावर आलेलं, आणि तिचं एकच म्हणणं: फोटोत तारा नकोत. त्यांच्यापायी पोह्यांवरची सेवसुद्धा बंद झालेली. इंदूरच्या पोरीला याहून मोठी शिक्षा काय असते हो? मला दया आली आणि मी शब्द देऊन बसले, लग्नाआधी निघतील म्हणून. जसे काही दात माझं ऐकतात!

मग नेटवर वाचलं, लाल उजेडानं म्हणे दात लवकर सरकतात. डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अभ्यास झालेत, पण निकाल एकसारखे नाहीत, मी खात्री देणार नाही. त्यापेक्षा हिला तारांना अडकवायचे रबर बँड न चुकता लावू दे. यातलं मी किती ऐकलं? 'अभ्यास झालेत.' आणि मी शाळेत विज्ञान शिकवते, बरं का.

यंत्र ऑनलाइन मागवलं. रोज संध्याकाळी सासूबाईंच्या खोलीत अन्वीनं ते गालाला लावून बसायचं आणि मी पोळ्या लाटता लाटता विचारायचं, "लावलंय ना?" आतून उत्तर यायचं, "लावलंय." दाराच्या फटीतून लाल उजेड दिसायचा. मला कोण समाधान!

पुढच्या तपासणीला गेलो. बाहेर बाकावर एक भाभीजी, त्यांच्याही मुलाला तारा. मी गप्प बसेन? त्यांना उजेडाचं सगळं शास्त्र हिंदीतून समजावलं, यंत्राचा फोटोही पाठवला.

आत मॅडमनी अन्वीचे दात पाहिले, पुन्हा पाहिले. "अरे वा, माझ्या अंदाजापेक्षा पुढे आहेत. असंच चाललं तर लग्नाआधी काढू."

मी यंत्राचं नाव घेतलं. मॅडमना खरंच कुतूहल वाटलं. किती जवळ धरता, हिरड्यांना गरम लागतं का, असं विचारू लागल्या. सगळी उत्तरं मीच देत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हिला बोलू द्या की जरा."

अन्वीनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"गरम लागतं का ते आजीला विचारावं लागेल."

"आजीला का?"

"यंत्र तिच्या गुडघ्याला असतं ना. पहिल्याच दिवशी म्हणाली, दातांना काय करायचाय उजेड, इकडे आण. तिला बरं वाटतं त्यानं."

मॅडमनी मास्क वर ओढला. खांदे मात्र हलत होते.

"मग दात कसे सरकले गं?" मी विचारलं.

"रबर बँड. जेवताना सोडून काढलेच नाहीत मी. यंत्र फेल गेलं असं वाटलं तर तू नवीन काहीतरी मागवशील, अशी भीती वाटली."

"आता जे चाललंय ते बदलू नका," मॅडम एवढंच म्हणाल्या.

बाहेर आले तर भाभीजी मोबाइल घेऊन उभ्याच. "दीदी, ऑर्डर कर दिया. कल आ जाएगा."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलंसुद्धा.

"अच्छा किया," मी म्हटलं, "आपकी सासूमाँ के घुटने कैसे हैं?"