टाकीतले लाल टाके

विठ्ठलवाडीच्या गुणाजी राणे यांना रिटायर झाल्यावर माशांच्या टाकीत हिरवळ अंथरायचं वेड लागलं. शेवाळ स्टीलच्या जाळीवर बांधून तळाशी ठेवायचं, म्हणजे ते हळूहळू जाळीला घट्ट धरतं, एवढं ते मोबाइलवर शिकले. पण सुईत दोरा ओवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटी त्यांच्या बायकोने, कलावतीबाईंनीच जाळी मांडीवर घेतली आणि गोधडीच्या लाल सुती दोऱ्याने टाके घालायला बसल्या.

"अगं, हिरवा नाही का? माशांना काय लग्नाला जायचंय?"

"हिरवा संपलाय. सुती आहे, शेवाळाने धरलं की कुजून जाईल. तोवर डोळे मिटून बघा."

महिनाभर गुणाजींनी त्या लाल टाक्यांच्या नावाने बोटं मोडली. मग तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत कलावतीबाई गेल्या.

तेव्हापासून गुणाजी रोज सकाळी तिच्या शिवणाची कात्री घेऊन टाकीशी बसत. शेवाळ वाढून टाके झाकायला लागलं, की तेवढंच कापायचं. तरी दोरा कुजतच होता. परवा एकच टाका उरला. तो लेकीला दाखवायला त्यांनी चिमट्याने जरासा उचलला, आणि तो पाण्यात विरून गेला.

"बाबा, शेवाळाने काय मस्त धरलंय!" संचिता म्हणाली.

"धरणारच. टाके कुणाचे होते!" असं म्हणून गुणाजींनी कात्री पुसली आणि शिवणाच्या डब्यात परत ठेवून दिली.