सासूबाईंनी घासलेला हार

डबा उघडला तर आत हार नव्या घागरीसारखा चकाकत होता, आणि पूजाच्या होणाऱ्या सासूबाई शाबासकीची वाट बघत माझ्यासमोर बसल्या होत्या.

"घासायचा राहिला असंल तुमचा," त्या म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून म्याच लख्ख केला. लई बुरशी चढली हुती."

ती बुरशी चढवायला माझा आठवडा गेला होता.

मी भोरला घरच्या पडवीत तांब्या-पितळेचे दागिने करते. कुठं शिकायला गेले नाही. मोबाईलवर बघितलं, खराब केलं, परत केलं. नव्या धातूवर मुद्दाम आणलेल्या जुनाट रंगाला आमच्या धंद्यात पॅटिना म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, सामान सगळं ओट्यावरचं. चायनीजच्या गाडीवर असतं ते व्हिनेगर, मीठ, आणि गिरणीतून आणलेलं भाताचं तूस. तूस त्यात भिजवायचं, डब्यात तांबं पुरायचं, झाकण लावायचं आणि सारखं उघडून बघायचं नाही. तांब्यावर शेवाळी हिरवा रंग धरतो. वाळला की वरून मेणाचा पातळ हात. माझा हार वाळत होता, तेवढ्यात सासूबाई "घरी दाखवते" म्हणून घेऊन गेल्या. त्यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. हिरवं तांबं समोर आल्यावर त्यांचे हात शिवशिवणारच.

पूजा जवळच्या विंझर गावची. दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाच्या पाण्यावर प्री-वेडिंगचे फोटो होते. साडी सासूबाईंनी निवडलेली. फोटोग्राफर सासूबाईंचा भाचा. हसताना दात किती दाखवायचे, तेही सांगून झालं होतं. नवऱ्यामुलाला कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्याची काही तक्रारही नव्हती. एवढ्या सगळ्यात हार तेवढा पूजानं स्वतः सांगितला होता. हिरवा, जुना दिसणारा, बिनचकाकीचा.

ती आली, तिनं डब्यात बघितलं आणि झाकण परत लावलं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"हिरवा आता उद्यापर्यंत व्हायचा नाही," मी म्हटलं. "पण काळपट करता येईल. चालेल?"

"चालंल काकी. फक्त चकाकायला नको."

झटपट काळं करायचं तर माझ्याकडे एकच औषध. उकडलेली अंडी. अंड्यात गंधक असतं. गरम अंडी कुस्करून डब्याच्या तळाशी घालायची, वर जाळीवर दागिना ठेवायचा, झाकण घट्ट. त्या वाफेनं तांबं आधी तपकिरी होतं, मग काळपट. अंडं दागिन्याला शिवतसुद्धा नाही. मी अंडी उकडून आतून पातेलं आणलं, तशी सासूबाईंच्या नाकाला पदर गेला. त्यांच्या घरात अंडं येत नाही.

मी सगळं नीट समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, आणि माझ्याशी बोलायचं सोडून पूजाकडे वळल्या.

"तू घालणार हे? अंड्याच्या वाफेतलं? सोन्यासारखं केलं हुतं म्या."

मी पातेल्यातली अंडी गार होताना बघत होते. पूजा नाही म्हणाली असती तर मी ती अंडी कालवणात टाकली असती आणि हा विषय तिथंच संपला असता.

"व्हय, घालणार," पूजा म्हणाली. "साडी तुमी सांगितली, नेसते. हॉल तुमी सांगितला, मला आवडला. एवढं एक मी सांगितलंय, आई."

सासूबाईंनी पिशवी उचलली. "वास आला तर मला सांगू नको," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षाला हाक मारली.

मी अंडी कुस्करली. संध्याकाळपर्यंत हार काळपट झाला. धुतला, पुसला, मेण लावलं आणि या वेळी पूजाच्याच हातात दिला. फोटोच्या दिवशी ती तोच घालून गेली.

लग्नानंतर मी सासूबाईंच्या दुकानात गेले. गल्ल्याच्या वर फ्रेम करून फोटो लावलेला. त्यात पूजाच्या गळ्यात हार पिवळाधमक. सासूबाईंनी भाच्याला फोन करून कॉम्प्युटरवर घासून घेतला होता. आणि फोटोच्या बरोबर खाली, लख्ख कळशा-समयांच्या मधे, पूजा गल्ल्यावर बसलेली. गळ्यात तोच हार, काळा.

एक गिऱ्हाईक बाई फोटोकडे बघायच्या, पूजाच्या गळ्याकडे बघायच्या, परत फोटोकडे. शेवटी त्यांनी विचारलंच, हाच का तो.

"न्हाई, त्यो दुसरा हाय," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"हाच हाय," पूजा सुट्टे पैसे देत म्हणाली.

मेणाचा हात दिला की दागिना घामापासून वाचतो. सासूपासून वाचवायचा असेल तर तो गळ्यातून काढायचा नाही.